म्होरक्याचं कातडं

चिंपांझी दात दाखवतो तेव्हा तो हसत नसतो, घाबरलेला असतो. त्याची पाचावर धारण बसलेली असते, आणि समोरची माणसं मात्र 'बघा कसा हसतोय' म्हणून पोट धरून हसत असतात. मास्तरांच्या खेळाला येणाऱ्या लोकांना ही गोष्ट कधी कळली नाही. मास्तरांच्या घरात ती सगळ्यांना ठाऊक होती, आणि म्हणूनच की काय, त्या घरात कुणी फारसं दात दाखवत नसे.

खेळात खरं माकड एकही नव्हतं. खरी माकडं बाळगायला बंदी आली तेव्हा मास्तरांच्या चुलत्याने माणसांना कातडी चढवली आणि खेळ चालू ठेवला. वर पत्रा, मधे भुसा टाकलेलं गोल रिंगण, रिंगणात लोखंडी झाड, भोवती चढत गेलेली बाकं. मागे एक लांबट खोली. तिथे खुंट्यांवर कातडी उलटी करून वाळत घातलेली असत आणि दोन पंखे त्यांच्या पोटात वारा भरत. घामाचा आणि स्पिरिटचा असा काही वास तिथे कोंडलेला असे की नवा माणूस नाक धरूनच आत यायचा. खिडकीपाशी शिलाई मशीन, आणि त्या मशीनवर मास्तरांची बायको. तिला सगळे बाई म्हणायचे. मास्तर सोडून.

मास्तर आधी हाडं शिकवायचे, मग चाल. चिंपांझीचे हात पायांपेक्षा लांब, माणसाचे आखूड. म्हणून कातड्याच्या बाहीत आखूड कुबडी असे आणि तिच्या टोकाला रबराची मुडपलेली बोटं. त्या बोटांच्या पेरांवर भार टाकून चालायचं. बाहेरून चिंपांझी झकास दिसतो, आत मनगटाचा भुगा होतो. माणूस गुडघे ताठ करून उभा राहतो, चिंपांझीला ते जमत नाही, तो कायम वाकलेल्या गुडघ्यांवर. रिंगणात कुणाचा गुडघा जरा सरळ झाला की खेळ संपल्यावर मास्तरांची छडी बरोबर त्याच गुडघ्यामागे बसायची. "लोक काय तुझं थोबाड बघायला येतात? थोबाड तर मी शिवून दिलंय." शिवून बाईंनी दिलेलं असे, पण ते असो.

आणि एक नियम होता. कातडं चढलं की माणसाची भाषा बंद. पडा, मोडा, जळा, पण शब्द काढायचा नाही. काही सांगायचं असेल तर माकडासारखं सांगा, आणि ऐकणाऱ्याने माकडासारखं ऐका. जो बोलला त्याला मास्तर भर खेळात मानगूट धरून कडेला बसवायचे, आणि शेवटची घंटा होईपर्यंत त्याच्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. अशा कडेला बसवलेल्या माणसाची बाकांवरचे लोक शेंबड्या पोरासारखी टर उडवायचे.

पूर्वी खेळ सुरू व्हायचा लेमूरांनी. लेमूर म्हणजे आपले फार दूरचे, मोठ्या डोळ्यांचे नातलग. त्यांचे खालचे पुढचे दात कंगव्यासारखे बाहेर आलेले असतात, त्यांनी ते एकमेकांचे केस विंचरतात. पायाच्या दुसऱ्या बोटाला एक लांब नखी असते, ती खास कान खाजवायला. त्यांच्यातली एक जात जमिनीवर आली की दोन पायांवर उभी राहून आडव्या उड्या मारत जाते, हात वर करून, कारण पाय एवढे लांब की चारी पायांवर चालणं तिला परवडतच नाही. या आडव्या उड्या बाई मारायच्या. रिंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, भुसा उडवत, एवढ्या हलक्या की बाकांवरची पोरं खाणं विसरायची.

पण खरी गंमत पुढे होती. लेमूरांत राज्य मादीचं. फळ आधी ती खाणार, उन्हाची जागा तिची, आणि नराने मधे तोंड घातलं तर त्याच्या कानाखाली वाजवणार. नर काय करतो? उठतो आणि निमूट दुसरीकडे जाऊन बसतो. त्या खेळात नर मास्तर व्हायचे. रोज कानाखाली खायचे, रोज उठून दुसरीकडे बसायचे, आणि बाकांवरच्या बायका अशा टाळ्या पिटायच्या की वरचा पत्रा वाजायचा. बाई तेवढ्या वेळापुरत्या सुखी होत्या. हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कधी कबूल केलं नसतं, पण होत्या.

एका उडीत त्यांचा गुडघा गेला. आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला आणि त्याच्यामागून बाईंच्या तोंडून "आई गं" निघालं. झालं. नर लेमूर उठला, त्याने मादीच्या मानगुटीला धरलं, भुशातून ओढत कडेला नेलं आणि तिथे बसवलं. खेळ पुढे चालू. शेवटच्या घंटेपर्यंत बाई मोडका गुडघा पोटाशी धरून बसून होत्या आणि त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी लेमूर बंद केले. "जी बोलली ती माकड नव्हे," म्हणाले. तेव्हापासून ते बायकोला 'लंगडे' अशी हाक मारत. "लंगडे, बाही उसवलीय." "लंगडे, चहा." आणि खेळात तिला चिंपांझींची थोरली मादी केलं, कारण थोरल्या मादीला फक्त बसायचं असतं.

बाई मूग गिळून बसल्या. पण थोरली मादी नुसती बसत नाही, हे मास्तरांनीच त्यांना शिकवलं होतं.

मास्तरांचा मुलगा बारक्या. नाव पडलं तेव्हा बारका असेल, आता दारातून आडवा आत यायचा. खाण तशी माती. बापाची चाल, बापाचा आवाज, बापाचा राग, सगळं घेतलेलं. गुडघ्यांमागे छडीचे वळही बापाचेच. त्याची बायको माईकवर असायची. सगळ्या खेळात माणसाचा आवाज तिचा एकटीचा. रिंगणात काय चाललंय ते ती लोकांना गोड शब्दांत समजावून सांगायची. कानामागून आली आणि तिखट झाली, असं बाईंचं तिच्याबद्दलचं मत होतं, आणि मत चुकीचं नव्हतं.

म्होरक्याचं कातडं मास्तरांकडे होतं. खांद्यांवर दाट केस, आत एक दोरी, ती ओढली की केस उभे राहायचे आणि अंग दुप्पट दिसायचं. हे कातडं कुणी कुणाला देत नसे. ते घ्यावं लागे, आणि तेही रिंगणात, लोकांसमोर, न सांगता. चुलत्याकडून मास्तरांनी असंच घेतलं होतं. पद्धत ठरलेली होती. सगळे चिंपांझी म्होरक्यासमोर वाकून धापा टाकत हुंकार देतात, त्याला खेळात सलामी म्हणत. ज्याला कातडं हवं तो एके दिवशी सलामी देणं बंद करतो. मग भांडण. आणि भांडण संपलं की थोरली मादी ज्याच्या अंगाशी आधी जाऊन बसेल, ज्याच्या उवा आधी बघेल, तो म्होरक्या. चुलतीने मास्तरांच्या उवा बघितल्या होत्या. चुलता नंतर बाकं झाडायचा आणि मास्तर दिसले की भिंतीला चिकटायचा. मास्तर हे मोठ्या कौतुकाने सांगत.

एका सकाळी बारक्या आईच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला.

"आई, मी उद्यापासून सलामी देणार नाही."

बाईंनी पायडल थांबवलं नाही. "मला कशाला सांगतोस?"

"तू आधी माझ्याकडे यायचं."

"आणि मला काय मिळणार?"

बारक्या हसला नाही, पण त्याला आवडलं. "लेमूर परत आणतो. तू बसव खेळ. उड्या कुणी मारायच्या, कानाखाली कुणी खायची, सगळं तू ठरव."

बाईंचा पाय थांबला. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही देऊ केलं नव्हतं. त्यांना लेमूर हवे होते. कुणाला दागिना हवा असतो, कुणाला माहेर, त्यांना ती आडवी उडी हवी होती, स्वतःच्या पायांनी नाही तर दुसऱ्या कुणाच्या, पण रिंगणात, लोकांसमोर.

"तुझ्या बापाची मनगटं गेलीत," त्या म्हणाल्या. "डावीकडून ये. डाव्या कुबडीवर त्याला भार सोसत नाही."

दुसऱ्या दिवशी बारक्याने सलामी दिली नाही. बापासमोरून सरळ निघून गेला, कान खाजवत. मास्तरांनी बघितलं. घरी सगळे जेवायला बसले. मास्तर हल्ली पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलत. त्या दिवशी त्यांनी तो मुद्दाम एका हाताने उचलला, अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं, आणि सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं.

आणखी काही दिवस असेच गेले. मग एका दुपारच्या खेळात बारक्याने लोखंडी झाडात खोचलेली फांदी उपसली.

फांदी ओढत तो रिंगणाला फेरी घालू लागला. भुसा उधळला, पत्र्याचा डबा लाथेने उडवला, बाकांच्या पहिल्या रांगेपर्यंत धावून गेला आणि लोक किंचाळत मागे सरले. "बघा, तरुण नर म्होरक्याला आव्हान देतोय," सून माईकवर म्हणाली. "आता म्होरक्या काय करतो ते बघू या. कृपया जागेवर बसून राहा." मास्तर उठले. दोरी ओढली, केस उभे राहिले, आणि खरं सांगायचं तर म्हातारा देखणा दिसला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. गुडघे वाकलेले, मान खांद्यांत, एकेक पाऊल हाडाप्रमाणे. ते बारक्यावर चालून गेले आणि दोघे भिडले.

बारक्या डावीकडून आला.

मास्तरांची डावी कुबडी सुटली. ते एका खांद्यावर पडले, उठले, दोन पावलं चालले आणि मग बसले. बसले ते लोकांकडे पाठ करून, खांदे पाडून, मान आत ओढून. अंग चोरलेलं. धाप लागलेली, भराभरा, उथळ. बाकीचे चिंपांझी कातड्यांच्या आतून बघत होते आणि मनात म्हणत होते, व्वा मास्तर. हरलेला नर असाच बसतो. अगदी असाच. हरतानासुद्धा म्हाताऱ्याने एक चूक केली नाही.

"पराभूत नर पाठ फिरवतो," सून सांगत होती. "तो अंग लहान करतो. धापा टाकतो. आता त्याच्याकडे कुणी जाणार नाही."

मग मास्तरांनी हात पुढे केला.

हरलेला चिंपांझी हात पुढे करतो, तळवा वर, बोटं सैल. समेटाची भीक असते ती. कळपातली थोरली मादी मनात आलं तर त्या हाताला हात लावते, मग त्याला उठवून विजेत्यापाशी नेते. मास्तरांनी हात बाईंकडे केला होता. पण हात रबराचा नव्हता. बाहीच्या मनगटाशी एक चीर असते, कुबडी काढाघालायला. त्या चिरेतून मास्तरांचा स्वतःचा हात बाहेर आला होता. उघडा. माणसाचा. सुजलेलं मनगट, पांढरी पडलेली नखं. भर खेळात, लोकांसमोर, ज्या माणसाने कातड्याबाहेर एक बोट दिसलं म्हणून पोरांच्या गुडघ्यांमागे वळ उठवले होते, त्याचा हात.

बाईंनी तो बघितला. त्यांच्यापासून तो हातभर अंतरावर होता. त्यांना वाटलं, मोडला म्हातारा. एवढा मोडला की नियमही विसरला. आणि त्यांना बरं वाटलं. खूप बरं वाटलं. एवढं की डोळ्यांत पाणी आलं, आणि कातड्याच्या आत पाणी पुसता येत नाही म्हणून ते गालांवरून वाहू दिलं.

त्यांनी त्या हाताकडे पाठ फिरवली. लंगडत, सावकाश, बारक्याकडे गेल्या. त्याच्या मागे बसल्या आणि त्याच्या खांद्यावरचे केस बाजूला करून उवा बघू लागल्या.

"आणि थोरल्या मादीने निर्णय दिलेला आहे!" सून म्हणाली. टाळ्यांनी पत्रा वाजला. कित्येक वर्षांत तो असा वाजला नव्हता.

मग एकेक चिंपांझी नव्या म्होरक्यापुढे येऊन सलामी देऊ लागला. बाई उवा बघत राहिल्या. नियमाप्रमाणे त्या आता उठून हरलेल्याकडे जाऊ शकत होत्या. कुणी अडवलं नसतं. थोरल्या मादीचा तो हक्कच. पण त्यांनी आधी बारक्याचा डावा खांदा संपवला, मग उजवा, मग मान. बस म्हणावं थोडा वेळ. मी बसले होते. मागे काहीतरी भुशात सरकल्याचा आवाज आला, त्यांनी वळून बघितलं नाही. हरलेल्याकडे बघायचं नसतं. कुणीच बघितलं नाही. बघितलं ते फक्त लोकांनी, आणि ते टाळ्या वाजवत होते.

घंटा झाली. बाकं रिकामी होईपर्यंत सगळे जागच्या जागी थांबले, कारण तोही नियम होता. मग बारक्याने कातड्याचं डोकं काढलं. घामाने थबथबलेला, लाल झालेला, आनंदाने फुललेला.

"बाबा, उठा. संपलं."

मास्तर एका कुशीवर होते. हात तसाच पुढे, त्यावर भुसा. बारक्याने त्यांना उलटं केलं, डोकं ओढून काढलं, आणि मग त्या रिंगणात सगळे एकदम माणसाच्या भाषेत ओरडायला लागले.

डॉक्टर म्हणाला, झटका तसा मोठा नव्हता. थोडं आधी आणलं असतं तर वाचले असते.

मास्तर बोलू शकत नव्हते की बोलले नाहीत, यावर खेळातल्या माणसांची बरेच दिवस चर्चा चालली. काहींचं म्हणणं, छातीत कळ आली की आवाजच फुटत नाही. काहींचं म्हणणं, त्यांचा आवाज फुटला असता पण मास्तर कसले बोलतात. हे दुसरे लोक मास्तरांना जास्त ओळखत होते. सुनेने मात्र एकदा, भांडी विसळता विसळता, सासूला सरळच विचारलं.

"आई, तुम्हाला हात दिसला होता ना?"

"दिसला होता."

"उघडा होता."

"हो."

"मग?"

बाईंनी ताट पुसून ठेवलं. "मला वाटलं, भीक मागतोय."

सुनेने विसळलेलं भांडं पुन्हा विसळायला घेतलं.

म्होरक्याचं कातडं बारक्याला खांद्यात बसेना. बाईंनीच शिवण उसवून सोडवलं, दोन्ही बगलांना पट्टी घातली, आतून स्पिरिट फवारलं आणि पंख्यापुढे टांगलं. ते करताना त्या रडल्या. रडू त्या माणसासाठी होतं की स्वतःसाठी, त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी त्याला हरवायचं ठरवलं होतं. मारायचं ठरवलं नव्हतं. हे दोन वेगळे आहेत असं त्या स्वतःला दिवसातून किती वेळा सांगायच्या त्याला गणती नाही.

बारक्याला कातडं घालून बघायला बोलावलं तेव्हा त्यांनी विषय काढला.

"लेमूरांच्या शेपट्या करायला घेऊ का? पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचं कापड आणावं लागेल."

"लेमूरांचं बघू गं नंतर." बारक्या खांदे हलवून शिवण तपासत होता. "आत्ता नाही. बाहेर रांग बघितलीस का? बातमी सगळीकडे झालीय. लोक येतात आणि विचारतात, तोच खेळ का? तो दाखवणार का?"

"कुठला तोच?"

"अगं, त्या दिवशीचा."

बाईंच्या तोंडाला पानं पुसली होती हे त्यांना तेव्हा कळलं. पण पुढचं ऐकायचं बाकी होतं. बारक्याने सगळं ठरवून टाकलं होतं. त्याचं जुनं कातडं कळपातल्या लांब्या नावाच्या पोराला. लांब्या डावीकडे पडणार, दोन पावलं चालणार, पाठ फिरवून बसणार. मग हात. मग आईने त्या हाताकडे पाठ फिरवून त्याच्याकडे यायचं, तशीच, सावकाश, लंगडत. "तुझं लंगडणं लोकांना फार लागलं," तो म्हणाला. "ते कमी करू नकोस." बापाची छडी त्याच्या काखेत होती. ती त्याने कधी उचलून घेतली ते कुणी बघितलं नव्हतं.

खिडकीबाहेर लोकांचा गलका वाढला. लांब्या कोपऱ्यात कातडं चढवून तयार बसला होता आणि चिरेतून हात आत-बाहेर करून बघत होता. तरुण, धडधाकट हात. तळवा वर, बोटं सैल. मग त्याने तो जरा आणखी सैल केला आणि बारक्याने मान डोलावली.

बाईंनी मशीनमध्ये दोरा ओवला.

"लांब्याचं ते कातडं इकडे दे," त्या म्हणाल्या. "मी मनगटाची चीर शिवून टाकते. रबराचा हात पुढे करू दे त्याला. बाकी तू म्हणशील तसं मी बसते, म्हणशील तशी चालते. रोज. फक्त तो हात तेवढा झाक."

बारक्या आरशापुढे उभा राहून खांद्यातली दोरी ओढून बघत होता. केस एकदम सरसरून उभे राहिले.

"अगं आई," तो म्हणाला, "टाळ्या त्या हातालाच तर पडणार आहेत."